एकशे आठच्या वर

दोन महिने मी माझ्या सख्ख्या भावाला सुकवत होते. बंदरावर मासळी सुकवतात ना, तसंच. फक्त मासळी मेलेली असते आणि तिला भूक लागत नाही.

बॉक्सिंगवर पेपरात लिहिणारे लोक ठोशांबद्दल लिहितात. त्यांनी एकदा येऊन आमचा वजनकाटा बघावा. माझा भाऊ विल्मर दुमागित हा एरवी एकशे पंचवीस पौंडांचा माणूस, आणि लढायचा एकशे आठला. मधलं मांस आणि पाणी त्याच्यातून काढायचं काम माझं. आधी मीठ बंद, मग भात बंद, शेवटी शेवटी पाणीसुद्धा घोटाघोटाने. मी फिलिपिन्सच्या दक्षिणेला, जनरल सांतोसच्या बंदरात ट्यूना कापते. प्रत्येक लढतीआधी रजा टाकून त्याच्या जिमवर राहायला जाते, कारण स्वतःला उपाशी ठेवणं एकट्याच्या आवाक्यातलं नाही. त्याला दुसरं माणूस लागतं, आणि ते निर्दय असावं लागतं. मी आहे.

"मानांग," विल्मर म्हणायचा, आमच्याकडे मोठ्या बहिणीला मानांग म्हणतात, "तू तुरुंगात का नाही गं नोकरी धरलीस?"

"तिथे कैद्यांना जेवायला द्यावं लागतं. थुंक."

मग तो च्युइंगगम चघळत बादलीत थुंकायचा. थुंकीलाही वजन असतं.

त्याचं वय एकतीस. एवढ्या हलक्या वजनात एकतीसचा माणूस म्हातारा. हाडं रुंद होतात, आणि हाडं सुकवता येत नाहीत. आम्हा दोघांनाही माहीत होतं की एकशे आठवर तो या वेळी शेवटचा उतरतोय. तीन वर्षं तो पहिल्या क्रमांकाचा आव्हानवीर म्हणून बसून होता. रांगेत पहिला, पण खिडकी उघडायची की नाही ते आतला माणूस ठरवणार. आतला माणूस म्हणजे मनिलाचा प्रमोटर, ज्याला सगळे ॲटर्नी म्हणतात. जगज्जेता जोव्हेन आबेयान त्याचा. ॲटर्नी त्याच्यासमोर कुठून कुठून कोवळी पोरं आणून उभी करायचा. दोन राउंडांत पोरगं आडवं, टीव्हीवाले खूश, बेल्ट सुरक्षित. शेवटी बेल्टवाल्या संघटनेनेच दम भरला की आता आव्हानवीराशी लढा, नाहीतर बेल्ट परत करा. म्हणून ही लढत. म्हणून आम्ही सेबू शहरात.

वजनाचा कार्यक्रम एका मॉलच्या तळमजल्यावर होता. आमच्या देशात असंच करतात. एका बाजूला चपलांचं दुकान, दुसऱ्या बाजूला तळलेल्या कोंबडीचं. दोन दिवस कोरड्या घशाने फिरणाऱ्या माणसाला त्या वासात उभं करायचं आणि वर म्हणायचं, हास, फोटो काढतायत.

आमच्याबरोबर काप होता. काप म्हणजे आमच्या वस्तीचा कप्तान, निवडून आलेला, आणि विल्मरचा मॅनेजर. विल्मरच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तोच निनोंग म्हणून, म्हणजे धर्मपिता म्हणून उभा राहिला होता. जिममधल्या प्रत्येकाच्या पोराचा निनोंग तोच. आमच्याकडे करार असाच पक्का करतात. नोटरीच्या शिक्क्याला वकील लावून फोडता येतं, बाप्तिस्म्याचं पाणी पुसायला वकील मिळत नाही. स्वतःच्या लेकीच्या निनोंगला "नाही" कसं म्हणणार? विल्मरने कधी म्हटलंच नव्हतं.

जोव्हेन आधी काट्यावर चढला. निरीक्षक संघटनेकडून आलेला, चष्मा लावलेला एक शांत माणूस होता. त्याने आकडा वाचला. एकशे अकरा.

लोक "ऊऊऊ" करून ओरडले. टॉवेल धरून चड्डीही काढून बघितली. तीन पौंडांची चड्डी कोणी घालत नाही. एकशे अकराच.

नियम असा की दोन तास मिळतात. तेवढ्यात एकशे आठला आला तर ठीक. नाही आला तर बेल्ट तिथेच काट्यावर जातो, आणि दुसऱ्या दिवशी तो फक्त आव्हानवीरालाच जिंकता येतो. पण ॲटर्नी ॲटर्नी आहे. त्याने सांगितलं, टीव्हीला दोघं समोरासमोर पाहिजेत, म्हणून दुमागितचंही वजन दोन तासांनीच करू. म्हणजे त्याचा माणूस सुकणार, तर आमचाही तोवर कोरडाच. विल्मर तेव्हा बरोब्बर एकशे आठवर होता. एक घोटही चालणार नव्हता.

कापला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "जमलं! नाही उतरला तर बेल्ट आपल्यासाठी उघडा. उतरला तर उद्या त्याच्या अंगात राहील काय? फुंकर मारलीस तरी पडेल."

विल्मर जोव्हेन गेला त्या दिशेने बघत होता. मला ते बघणं आवडलं नाही.

हॉटेल मॉलला लागूनच. आमच्या खोलीकडे जाताना वाटेत घाम काढायची सॉनाची खोली लागते. दार अर्धवट उघडं होतं. विल्मर थांबला.

"चल," मी म्हटलं.

तो आत गेला.

जोव्हेन बाकावर बसला होता, रबरी सूट गळ्यापर्यंत, वर दोन टॉवेल. त्याचा जुना ट्रेनर पोल्दो, ज्याला सगळे मानोय म्हणजे दादा म्हणतात, समोर उकिडवा बसून त्याचे हात चोळत होता.

"दार लावा रे, गरमी जाते," पोल्दो ओरडला, आणि कोण आलंय ते पाहून त्याने हात चोळणं थांबवलं.

जोव्हेनने मान उचलली. ओठ भेगाळलेले. "बघायला आलास?"

"पाणी पी, जोव्हेन."

तो हसला. खरंच हसला. "वा रे शूर! रिंगमध्ये घ्यायची छाती नाही, म्हणून बेल्ट सॉनात मागायला आलास? मी प्यालो की बेल्ट गेला. मग उद्या तू एकटाच मालक. मी येडा दिसतो?"

त्याचं चुकलं कुठे? माझा राग त्यावरच आहे. या धंद्यात एका माणसाने दुसऱ्याला पाणी पी म्हटलं तर तीही चाल वाटते, कारण दहापैकी नऊ वेळा ती चालच असते.

विल्मर पोल्दोकडे वळला. "मानोय, याला शेवटचा घाम कधी आला?"

पोल्दोने जोव्हेनच्या मानेवरचा टॉवेल काढला आणि विल्मरसमोर पिळला. टॉवेल कोरडा होता.

मी वजनाचं काम करते, मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. तापलेल्या खोलीत रबरी सूट घालून बसलेल्या माणसाला घाम येत नाही, तेव्हा अंगात द्यायला काही उरलेलं नसतं. पुढे जे निघतं ते पाणी नसतं. आमच्या जिममधला नोनिंग असाच शेवटचा पौंड उतरवायला बंद काचांच्या गाडीत उन्हात बसला होता. दुसऱ्या दिवशी एक साधा ठोसा लागला, तो स्टुलावर जाऊन बसला आणि उठला नाही. डॉक्टर म्हणाले, सुकलेल्या माणसाचा मेंदू कवटीत सैल पडतो. विल्मर आणि नोनिंग एकाच बंकवर झोपायचे, एक वर, एक खाली.

"बेल्ट ठेव तुझ्याकडे," विल्मर म्हणाला. "साधी लढत करू. वजनाच्या वर."

मी त्याचं मनगट धरून त्याला बाहेर ओढलं.

वजनाच्या वर म्हणजे काय ते सांगते. दोघांनाही मर्यादेच्या वरच्या वजनाने लढायचं कबूल असलं, आणि दोघंही काट्यावर एकशे आठच्या वर भरले, तर ती साधी लढत. बेल्ट पणाला लागत नाही, आहे त्याच्याकडेच राहतो. जगज्जेते ही पळवाट सोप्या लढतींसाठी वापरतात. आव्हानवीराने स्वतःहून ती मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तेवढा येडा आमच्याच घरात जन्माला यायचा होता.

"तुला कळतंय का तू काय बोललास?" मी कॉरिडॉरमध्येच सुरू झाले. "तीन वर्षं! पुढच्या वर्षी तू या वजनात मावणार नाहीस. दुसरी संधी नाही, विल्मर. पैसेही निम्मे."

"माहितीय."

"तू त्याच्या जागी असतास तर त्याने केलं असतं?"

"नसतं केलं."

"मग?"

"मानांग, उद्या याला मारायचंय. मारणं माझं कामच आहे, मी हळू मारू शकत नाही, मला येतच नाही." तो भिंतीला टेकला. त्याच्याही तोंडात थुंकी नव्हती, शब्द चिकटत होते. "नोनिंगला ज्याने मारलं तो पोरगा आठवतो? परवा भेटला. भाड्याची ट्रायसिकल रिक्षा चालवतो. मला म्हणाला, मूठ वळत नाही. दुखत नाही, सुजत नाही, पण मूठ वळतच नाही. मला ते नको."

"आणि बेल्ट?"

"पाहिजे ना. कोणाला नको?"

एवढं बोलून तो रडायला लागला. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसतेच खांदे हलत होते.

तेवढ्यात काप आला. पोल्दोने ॲटर्नीला फोन केला होता आणि ॲटर्नीने कापला. कापने कॉरिडॉरमध्ये तमाशा मांडला. "माझ्या तोंडात शेण घालतोस? तुला तांदूळ कोणी दिला? तुझ्या लेकीला चर्चमध्ये हातात कोणी धरलं? मी सही करणार नाही. मॅनेजरच्या सहीशिवाय काही होत नाही, समजलं?"

पहिल्यांदाच विल्मर त्याला म्हणाला, "नाही, काप. तुमचं ऐकणार नाही. सही नसेल तर मी उद्या रिंगमध्ये येणारच नाही."

कापला ते ऐकूच आलं नाही बहुतेक. असा शब्द त्याच्या कानाच्या सवयीचा नव्हता.

मग ॲटर्नी आला. इस्त्रीचा शर्ट, मंद आवाज. "काप, जरा इकडे या." दोघं बर्फाच्या मशीनपाशी जाऊन उभे राहिले. मला शब्द ऐकू येत नव्हते, मशीनची घरघर चालू होती. पण ॲटर्नीचा जगज्जेता मरायला टेकला होता, बेल्ट हातचा चालला होता, आणि कोणीतरी तो फुकटात वाचवून देत होतं. अशा वेळी माणूस काय बोलतो ते ऐकायला कशाला पाहिजे?

काप परतला तेव्हा चेहराच वेगळा होता. त्याने विल्मरच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरा, तुझं मन मोठं आहे. निनोंग म्हणून मी आड येणार नाही. देव बघतो." मागाहून कळलं की त्याच्या जिममधल्या दोन पोरांना मनिलाच्या मोठ्या कार्यक्रमात लढती मिळाल्या, एक त्याचा सख्खा पुतण्या.

माझ्या भावाने जे देऊन टाकलं, ते या दोघांनी बर्फाच्या मशीनपाशी विकून खाल्लं. त्यांनी चोरलं असतं तर मला कमी राग आला असता.

निरीक्षक आला, कागद झाला, कापच्या आणि ॲटर्नीच्या सह्या झाल्या. चष्मेवाल्याने दोनदा विचारलं, "आव्हानवीराला नक्की समजलंय?" त्याच्या बिचाऱ्याच्या आयुष्यातही असं झालं नसावं. शेवटी म्हणाला, "काट्यावर दोघंही वर भरले पाहिजेत. एक जरी मर्यादेत राहिला तर हा कागद रद्द."

आम्ही कागद घेऊन सॉनात गेलो. जोव्हेन अजून तसाच होता. आता डोळे एका जागी ठरत नव्हते. पोल्दोने त्याच्यासमोर बाटली धरली, त्याने ती हाताने उडवली.

"कागद?" तो पुटपुटला. "मी फार कागद बघितलेत. मी पिईन, आणि हा जाऊन एकशे आठवर उभा राहील. मग? तुमचा काप म्हणेल, कुठला कागद?"

आणि कापचा चेहरा पाहून मला कळलं की त्याने हा विचार खरंच केला होता. त्याला दोन्ही पाहिजे होतं, मनिलाही आणि बेल्टही.

विल्मरने माझ्याकडे हात पसरला. "मानांग, पाणी दे."

बाटली माझ्या पिशवीत होती. वजन झाल्यावर द्यायची म्हणून मी ती सकाळपासून वागवत होते. ती दिली नाही तर? माझ्याशिवाय इथे त्याला कोणी पाणी देणार नव्हतं, आणि मी नाही म्हटलं असतं तर त्याने ऐकलं असतं. दोन महिने तो माझंच ऐकत होता. कापला त्याने आज पहिल्यांदा नाही म्हटलं, मला कधीच म्हटलं नव्हतं. मी पिशवी छातीशी धरून उभी राहिले.

"त्याला बघ," विल्मर म्हणाला. "मला नको बघूस, त्याला बघ."

मी बघितलं. जोव्हेनची जीभ ओठांवरून फिरत होती आणि तिथेच अडकत होती. कोणाच्या तरी बहिणीने याला इथवर सुकवलं असेल, किंवा बायकोने.

मी बाटली दिली.

विल्मर प्यायला. घटाघटा. दोन दिवसांत त्याला याहून जास्त काही हवं नव्हतं, आणि प्रत्येक घोटाबरोबर बेल्ट खाली जात होता. अर्धी बाटली संपली तेव्हा एकशे आठ गेलं. त्याला ते माहीत होतं, मला माहीत होतं, आणि समोर बसलेल्यालाही माहीत होतं. त्याने उरलेली बाटली पुढे केली.

जोव्हेनने ती दोन्ही हातांनी घेतली. "हळू," मी ओरडले, "ओकशील, हळू पी!" माझा आवाज इतका मोठा होता की पोल्दो दचकला.

खाली मॉलमध्ये दोघंही काट्यावर चढले. जोव्हेन वर, विल्मरही वर. निवेदकाने माईकवर सांगितलं की दोन्ही बॉक्सर वजन राखण्यात अपयशी ठरले आहेत, त्यामुळे बेल्ट पणाला नाही. लोकांनी शिव्या घातल्या. "तुला तरी उतरता आलं नाही का रे, म्हाताऱ्या!" कोणीतरी कोंबडीचं हाड फेकलं, ते विल्मरच्या खांद्याला लागलं. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, दोघेही बेजबाबदार. कापने एका शब्दाने कोणाला सांगितलं नाही. ॲटर्नीने हॉटेलात सगळ्यांना आइस्क्रीम पाठवलं.

लढत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाली. दहा राउंड. जोव्हेनने भरपूर पाणी, भात, झोप घेतली होती, आणि तो उगाच जगज्जेता नव्हता. पहिले तीन राउंड त्याने विल्मरला जवळ येऊ दिलं नाही. चौथा, पाचवा आणि सहावा आमचा. सातव्यात विल्मरचा डावा हुक त्याच्या कानशिलावर बसला. तो ठोसा मी ओळखते. आमच्या जिममधली पोरं त्या ठोशाला भिऊन हेडगिअर घट्ट करतात. मी डोळे मिटले. सगळ्या हॉलचा श्वास अडकलेला ऐकू आला.

उघडले तेव्हा जोव्हेन उभा होता. गुडघे लटपटत होते, पण उभा होता, आणि विल्मरला मिठी मारून राउंड संपेपर्यंत लोंबकळत होता. आदल्या दिवशी तो सुकून एकशे आठला उतरला असता तर काय झालं असतं, ते मी बोलत नाही. त्या ठोशाने माझा भाऊ जगज्जेता झाला असता. हेही खरं, तेही खरं.

शेवटचे तीन राउंड जोव्हेनने काढले. निकाल त्याच्या बाजूने गेला, अगदी थोडक्यात. मी ओरडले नाही. मोजून बघा, तोच जिंकला होता.

ड्रेसिंग रूममध्ये आम्ही दोघंच होतो. काप आणि आमचे बाकीचे लोक ॲटर्नीच्या जेवणाला गेले होते. विल्मर टेबलावर बसला होता, डावा डोळा बंद झालेला, हातांवर अजून पट्ट्या. मी बर्फ धरला होता, त्यामुळे पट्ट्या कापायला हात मोकळा नव्हता.

दार न वाजवता एक बाई आत आली. ठेंगणी, घाईत बांधलेले केस. "मी जोव्हेनची बायको. मारिलू."

"पत्रकार बाहेर आहेत," मी म्हटलं. "फोटो तिकडे काढा."

तिने ऐकलं नाही. टेबलावरची कात्री उचलली, स्टूल ओढलं आणि विल्मरचा उजवा हात मांडीवर घेऊन पट्टी कापायला लागली. सराईत हात. आत बोट घालून, कातडी न लागता. कितीतरी वेळा केलं असणार.

"तो इकडे येणार होता," ती म्हणाली. "ॲटर्नीने टीव्हीसमोर बसवलंय. आता वरच्या वजनात जाणार. इथला बेल्ट सोडणार, आजच सांगणार आहे."

"मग बेल्ट कोणाला?" विल्मरने विचारलं.

तिने कात्री पट्टीखाली सरकवली. "दुसऱ्या दोघांना लढवतील. ॲटर्नीचीच पोरं आहेत. तुम्ही आज हरलात ना, तुमचं नाव खाली गेलं."

विल्मरने मान हलवली. त्याला नवीन नव्हतं. मला मात्र हातातला बर्फ भिंतीवर फेकावासा वाटला.

"एक विचारू?" मारिलू माझ्याकडे न बघता म्हणाली. "याला सुकवतं कोण? तुम्हीच ना?"

"हो. आणि त्याला?"

"मी." तिने कापलेली पट्टी बाजूला टाकली. "परवापासून त्याला घाम येत नव्हता. मी ॲटर्नीला सांगितलं. तो म्हणाला, बाई, तुम्ही स्वयंपाकघरात लक्ष घाला." मग ती विल्मरकडे वळली. "दादा, तुम्ही मूर्ख आहात. सांगून ठेवते."

"ते मी त्याला कालच सांगितलं," मी म्हटलं.

"ऐकलं नाही?"

"ऐकतोय कुठे?"

"आमचाही तसाच," ती म्हणाली आणि विल्मरला हाताने खुणावलं. "द्या, दुसरा हात द्या."

विल्मरने डावा हात पुढे केला. तिने शेवटची पट्टी कापली, ओली कातडी टॉवेलने पुसली आणि त्याची बोटं एकेक करून सरळ केली.

"मूठ वळतेय का बघा," ती म्हणाली.

विल्मरने मूठ वळली. मग उघडली.